माणदेशची माणसं: पुस्तकात न आलेली

बोरीबाभळी | ५ मे, रात्री १०:४०

गेल्या महिन्यात गावाकडचं धाब्याचं घर उतरवलं. पाच-सहा पावसाळे कुणी वर माती टाकली नव्हती, तुळया वाळवीनं खाल्लेल्या, म्हणून नाइलाज. कोठीच्या खोलीत पत्र्याची ट्रंक निघाली. आत आजोबांचा कसोटीचा काळा दगड, कापडी बांधणीची एक लांबट वही आणि एक छोटा हातोडा. ट्रंक पुण्याला घेऊन आलोय आणि रोज रात्री वही चाळतोय. हा धागा त्या वहीमुळे.

आजोबा गलाईवाले. माणदेशाबाहेरच्या लोकांना हा शब्द सांगावा लागतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, इकडे माण-खटाव आणि सांगोला, या पट्ट्यातल्या कुठल्याही भावकीत विचारा, एक तरी माणूस गलाईला बाहेर गेलेला असतोच. केरळात, तमिळनाडूत, पंजाबात, जिथं सराफकट्टा आहे तिथं मागच्या गल्लीत आपला माणूस बसलेला. सराफाकडं मोडीत आलेलं सोनं, कारागिराच्या पाटाखालचा केर, तुटक्या बुगड्या, झिजलेली वळी, हे सगळं गाळायचं आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची.

काम ऐकायला सोपं वाटतं. सोन्यात मुद्दाम दुपटी-तिपटीनं चांदी मिसळून मुशीत (आच सोसणाऱ्या वाटीत) वितळवायचं, मग तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला बसतं. पण ते तळाचं सोनं सोन्यासारखं दिसत नाही. तपकिरीसारखं दिसतं. ओली तपकीर. धुऊन वाळवून परत मुशीत घातलं, टाकणखार टाकला, आच दिली, की मग पिवळं होतं. उरलेलं पाणी फेकायचं नाही. त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी परत मिळते. मी आठ वर्षांचा असताना आजोबांनी कोइमतूरच्या दुकानात हे दाखवलं होतं. बाकी काही आठवत नाही, वाटीच्या तळाची ती तपकीर आठवते, आणि घसा खवखवायला लावणारा तांबूस धूर.

आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम पिवळी असायची, हळद लागल्यागत. आम्हा पोरांना वाटायचं सोनं लागलंय. तेजाब लागलेला होता.

१९५१ साली, चौदाव्या वर्षी ते गलाईला बाहेर गेले. भावकीतल्या एकाच्या दुकानात पहिली तीन वर्षं फक्त झाडलोट, भाता आणि स्वयंपाक. झाडलोटीतला केरही जपून ठेवायचा, कारण त्यातही सोनं. पुढं तमिळ इतकी पक्की झाली की म्हातारपणी झोपेत बडबडायचे ती तमिळमध्ये. आजी म्हणायची, "काय बोलत्यात आन कुणाशी बोलत्यात, देव जाणे."

वहीत सगळा खर्च आहे. माणूस किती चिकट असावा! "चहा १", "टपाल", "चप्पल शिवणे", "हातोडा दांडा ७५ पैसे". दर महिन्याला "घरी म. ऑ. ४०", म्हणजे मनीऑर्डर. आणि दर महिन्यालाच एक नोंद मला लागत नाही: "सि. ५". वर्षानुवर्षं. सिगारेट म्हणावी तर आजोबांना विडीचंही व्यसन नव्हतं.

गदिमा, "माणदेशी माणसं" लिहिणारे व्यंकटेश तात्या माडगूळकर, शंकरराव खरात यांच्यावर ढीगभर लिहून झालंय आणि त्यांनीही आपल्या मुलखावर लिहिलंय. पण ज्यांच्यावर कुणी लिहिलं नाही अशी माणसं तुमच्याही घरात असतील. ती इथं लिहा. मोठी नावं चालतील, पण जे पहिल्या पानावर सापडतं ते नको.

---

खिल्लारी_जोडी | ५ मे, रात्री ११:१५

"सि." म्हणजे सिद्धनाथ हो! म्हसवड किंवा खरसुंडी, तुमचं कुलदैवत जे असेल ते. आमच्या चुलत्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी वेगळा डबाच होता. रोजच्या कमाईतले काही पैसे नाथाचे. यात्रेला येताना तो डबा फोडायचा. म्हसवडचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, तेव्हा एरवी ओस वाटणाऱ्या गावात केरळ-तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या गाड्या लावायला जागा नसते. दिवाळीला न येणारा गलाईवाला रथाला येतो.

बाकी, चिकट म्हणू नका. परमुलखात दुसऱ्याचं सोनं हाताळणाऱ्या माणसाला गुंजेगुंजेचा हिशेब ठेवावा लागतो. एक गुंज कमी भरली तर नाव गेलं, आणि नावावरच धंदा. वर पोलिसांची टांगती तलवार असायचीच. कुठं चोरी झाली की पहिली धाड आपल्या भट्टीवर, कारण वितळलेल्या सोन्याला मालक ओळखू येत नाही.

---

बोरीबाभळी | ५ मे, रात्री ११:३२

सिद्धनाथ! डोक्यात कसं आलं नाही. दंडवत घ्या.

---

आटपाडीकर | ६ मे, सकाळी ७:५०

छान धागा. मी जरा मोठ्या नावांपासूनच सुरू करतो, पण आडवाटेनं.

आमच्या वडिलांना आठवडी बाजारात भाजी घ्यायची ती ठरलेल्या माणसाकडून घ्यायची सवय. वांगी चांगली असायची त्याची. मी शाळेत असताना विचारलं, हे काका कुठल्या वाडीचे? वडील म्हणाले, "स्वतंत्रपूरचे." आमच्याकडं स्वतंत्रपूर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. खुनाच्या गुन्ह्यातला कैदी होता तो. बायकोपोरांसह राहायचा, शेत पिकवायचा, बाजारात यायचा आणि संध्याकाळी आपल्या पायानं परत जायचा. भिंत नाही, तारेचं कुंपण नाही.

ही खुली वसाहत १९३९ ची, औंध संस्थानातली. आटपाडी तेव्हा औंधात होती. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले. त्याच साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना जाहीर केली. त्यामागं गांधीजींचा सल्ला होता, आणि धावपळ करणारा माणूस होता मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर. गांधीजी त्याला भारतानंद म्हणत. सूत कातायची धनुष तकली त्यानंच बनवलेली. कैद्यांना माणसांत ठेवावं ही कल्पनाही त्याचीच. वॉर्सा कुठं आणि आमचा खडकाळ माळ कुठं!

पुढं गदिमांनी ही गोष्ट पडद्यासाठी लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली "दो आँखें बारह हाथ" काढला. बर्लिनला बक्षीस मिळालं. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र तो वांगीवाला आठवतो. वजन करून झालं की वर एक वांगं टाकायचा. शिक्षा संपल्यावर तो त्याच्या गावी गेला नाही, "तिथं मला खुनी म्हणत्यात, हितं भाजीवाला" असं वडिलांना म्हणाला होता. पुढचं माहीत नाही.

---

कुसळ | ६ मे, सकाळी ९:०५

शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला.

माझ्याकडून एक छोटी भर. मोही, ता. माण. ललिता बाबर. शाळेत खो-खो खेळणारी पोर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर म्हणजे १९८४ नंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. पात्रता फेरीत ९:१९.७६ असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. त्या शर्यतीत पाण्याचा खड्डा ओलांडून उडी मारायची असते. आमच्या तालुक्यात पाण्याचा खड्डा! आमचे सर म्हणायचे, पोरीनं पाणी बघितलं ते शर्यतीतच.

---

पंढरीची_वाट | ६ मे, दुपारी १२:२०

माणदेश म्हणजे फक्त माण तालुका आणि आटपाडी नव्हे हे आधी मान्य करा, मग मी लिहितो. सांगोला धरायचा की नाही?

---

खिल्लारी_जोडी | ६ मे, दुपारी १२:४८

सांगोला सोलापुरात. तुम्ही डाळिंबवाले, तुमचं बरं चाललंय.

---

पंढरीची_वाट | ६ मे, दुपारी १:१०

जिल्हे साहेबानं पाडले, नदी कुणी पाडली? माण नदी माण तालुक्यात उगवते, आटपाडीतून येते, सांगोल्यातून पुढं जाऊन भीमेला मिळते. जिच्या काठी कोरड्या वाळूत झरे खणून पाणी भरलं ती माणसं माणदेशी. डाळिंबाचं म्हणाल तर आटपाडीतही तेच आहे, उगाच बोलू नका.

असो. आमचे आबा, गणपतराव देशमुख. एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार. पहिल्यांदा १९६२ साली, मध्ये दोनदा पडले, पक्ष कायम शेकाप. हे आकडे सगळीकडं आहेत. मी बघितलेलं सांगतो. मुंबईला अधिवेशनाला निघाले की एसटी. सांगोल्याच्या स्टँडवर पांढरं धोतर-सदऱ्यातला माणूस खिडकीशी बसलेला, मांडीवर पिशवी. एकदा मी शेजारी बसलो. मोठ्या माणसाशी काय बोलावं कळेना म्हणून पाऊसपाणी काढलं, तर त्यांनी आमच्या गावातल्या कुठल्या पाझर तलावाचं दगडी पिचिंग निसटलंय ते सांगितलं. मी त्या गावचा, मला पत्ता नव्हता. ३० जुलै २०२१ ला गेले तेव्हा त्या तलावाच्या भिंतीवर जाऊन बसलो होतो.

---

धागा-पालक | ६ मे, दुपारी २:००

सीमावाद इथंच थांबवावा. नदी ग्राह्य धरली आहे. चालू राजकारण आलं तर प्रतिसाद उडवला जाईल.

---

वाघर | ६ मे, रात्री ९:३०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळा. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. नाव त्यावरूनच घेतलंय.

आम्ही मेंढके. दिवाळी झाली की वाडा हलायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरं, सगळं मिळून वाडा. पश्चिमेला कृष्णेच्या काठाला जायचं आणि पाऊस लागला की परत. घोड्याच्या पाठीवर संसार: तवा, पिठाची पिशवी, घोंगडी, वरती बांधलेलं कोकरू आणि त्याच्या शेजारी मी. मला आणि कोकराला चालता यायला एकाच वर्षी लागलं असं आई सांगते.

ऊस-गव्हाच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. एका रात्रीत शंभर मेंढरांची लेंडी आणि मूत रानाला मिळतं, त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, कधी पैसे. यात सगळ्यात मोठं भांडण मोजणीचं. शेतकरी म्हणणार शंभर नाहीत, ऐंशी आहेत. माझे वडील निरक्षर, पण वाघरीच्या तोंडाशी उभं राहून बोटाच्या पेरांवर पाचाच्या हिशेबानं मोजायचे. मेंढरं एकमेकांवर चढत पळत बाहेर पडायची, आणि यांचा आकडा कधी चुकला नाही. एका पाटलानं पैज लावली, खडे टाकून मोजले, पाटलाचा एक खडा कमी भरला. वडील म्हणाले, "एक गाभण हाय, तिला हळू जाऊ दिलं, तवा तुमचं ध्यान न्हवतं."

मी शाळेत वर्षातून चार महिने. आमच्या गुरुजींनी माझं नाव कधी कमी केलं नाही, पटावर ठेवलं. साहेब तपासणीला आले की सांगायचे, "पोरगं रानात गेलंय, येईल." पावसाळ्यात मी यायचो तेव्हा तीच जागा, तीच पाटी. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. माझ्या वर्गात अशी तीन नावं आहेत जी जूनशिवाय दिसत नाहीत. मीही ती कमी केलेली नाहीत. (हे साहेबांनी वाचू नये.)

थोरला भाऊ अजून वाड्यावर आहे. रात्री व्हिडिओ कॉल करतो, तोंड दिसत नाही, अंधार आणि मेंढरांच्या घंटा. "ऐकू येतंय का? बास, झोप आता."

---

कुसळ | ६ मे, रात्री ९:५५

चुकलं काय म्हणता, लिहीत राहा!

---

आटपाडीकर | ७ मे, सकाळी ८:१५

वाघर, तुमच्या गुरुजींसारखे लोक या मुलखाला लाभले म्हणून काही जण वर आले. शंकरराव खरातांचं नाव धागाकर्त्यांनी वर घेतलंय. त्यांचे वडील आटपाडीत तराळकी करायचे. तराळाचं काम म्हणजे हाक मारली की हजर: दवंडी द्या, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवा, मेलेलं ढोर ओढा, विहिरीत सापडलेल्या प्रेताला रात्रभर राखण बसा. त्या घरातला मुलगा वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. आत्मचरित्राचं नाव त्यांनी "तराळ-अंतराळ" ठेवलं. वडिलांचं काम नावातून काढून टाकलं नाही, पुढं ठेवलं.

आता जरा टोचणारं. आम्ही आटपाडीकर संमेलनाध्यक्षपदाचा अभिमान मिरवतो. तराळकी करायला लावणारेही आम्हीच होतो, ते तेवढ्या मोठ्यानं कुणी सांगत नाही.

---

खटावकर_सैल | ७ मे, सकाळी १०:४०

अगदी. आमच्या खटावातलं एक. ९ सप्टेंबर १९४२, वडूज. कचेरीवर मोर्चा निघाला, पुढं तिरंगा घेऊन वडगावचे परशुराम घार्गे. गोळीबार झाला. त्या दिवसाचे नऊ हुतात्मे. घार्गे यांचं नाव पाठ्यपुस्तकात नसलं तरी निदान चौकात आहे. बाकीच्या आठांची नावं मी वडूजला राहून चाळीस वर्षांत सलग म्हणून दाखवू शकत नाही. परवा हुतात्मा स्मारकापाशी गाडी लावून नावं वाचली आणि वहीत उतरवून घेतली. एवढंच.

---

सातारी_सूनबाई | ७ मे, दुपारी ३:१०

सगळे पुरुषच लिहिताय आणि पुरुषांवरच. ललिता आली ती एका परिच्छेदात.

मी सून म्हणून म्हसवडला आले. तिथल्या माणदेशी बँकेचं सांगते. चेतना सिन्हा मुंबईच्या, जयप्रकाशांच्या चळवळीतल्या, लग्न करून म्हसवडला आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडं आली. तिला पावसाआधी पालावर टाकायला ताडपत्री घ्यायची होती, त्यासाठी पैसे साठवायचे होते आणि कुठली बँक तिचं खातं उघडेना. मग बायकांचीच बँक काढू म्हणून अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेनं नाकारला. कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे, सह्या नाहीत.

काही महिने बायका अक्षरं गिरवत बसल्या. मग पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं कारण गावात शाळा नव्हती, पण हिशेब येतो. मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना मशीनशिवाय काढायला सांगा. १९९७ साली परवाना मिळाला.

पुढं दावोसला वगैरे नाव गाजलं ते सोडा. माझी सासू त्या बँकेत शनिवारी वीस रुपये टाकायची. पासबुक पिठाच्या डब्यात. सासऱ्यांना ते त्या वारल्यावर सापडलं. शेळी, शिलाई मशीन, माझ्या नवऱ्याची आयटीआयची फी, सगळं त्या डब्यातून आलं होतं, आणि सासरे आयुष्यभर गावाला सांगत होते की मी पोराला शिकवलं.

---

पंढरीची_वाट | ७ मे, दुपारी ३:३०

पिठाचा डबा प्रत्येक घरात आहे. बोलती बंद.

---

जोंधळा | ७ मे, रात्री ८:२०

मी साठी ओलांडलेली बाई, मोबाईलवर हळूहळू लिहिते. बाहत्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. वरच्या कुणी त्या सालाचं लिहिलं नाही याचं नवल वाटलं, कारण आमच्या पिढीत सगळं त्या सालाच्या अलीकडं नाहीतर पलीकडं.

पुरुष बाहेर. कुणी गलाईला, कुणी मुंबईत गिरणीत, कुणी हमालीला. गावात म्हातारी, पोरं आणि बाया. जनावरं विकून झाली, उरली ती दावणीला मेली. सरकारनं कामं काढली: रस्ता, पाझर तलाव, खडी. आई खडीवर. मी लहान म्हणून माझ्याकडं तान्हा भाऊ आणि पाण्याची घागर.

खडी फोडायची कशी ते सांगते, आताच्या पोरांना माहीत नाही. मोठा दगड आधी घणानं फुटलेला असतो. त्याचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, भोवती सायकलच्या ट्यूबचं कडं घालायचं म्हणजे तुकडा उडत नाही. मग हातोडा. तो हातोडा सुताराच्या हातोड्यासारखा नसतो. डोकं लहान, दोन्हीकडून सारखं, आणि दांडा बारीक, लवणारा. दांडा ताठ असेल तर हादरा कोपरात जातो आणि संध्याकाळी भाकरी थापता येत नाही. लवणारा दांडा हादरा स्वतः खातो. आई बोटांना चिंध्या गुंडाळायची. तरी कपची उडायची. तिच्या डाव्या डोळ्याखाली शेवटपर्यंत एक काळा ठिपका होता, आम्ही तीळ समजायचो.

आठवड्यानं ढीग मोजायला यायचे. चौकोनी पेटीनं मोजणी, आणि मुकादम पेटी हलवून भरायचा म्हणजे खडी खाली बसते, माप कमी भरतं. त्यावरून बाया भांडायच्या. दुपारी सुकडी. तिचा गोडसर वास मला आजही कुठं आला तरी भूक लागते. भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या जोंधळ्याची, थापली की चिरायची. हजेरीपत्रकावर आईचं नाव होतं. सरकारी कागदावर तिचं नाव आलं ते पहिल्यांदा तेव्हा, आणि नंतर मतदारयादीत.

रोजगार हमी योजना आपल्याच महाराष्ट्रानं देशाला दिली, तासगाव भागातले वि. स. पागे तिचे जनक म्हणून भाषणं होतात, होऊ देत, मोठा माणूस होता. मला त्या मुकादमाची पेटी आठवते.

बोरीबाभळी, एक विचारते, रागावू नका. तुमच्या ट्रंकेतला हातोडा आजोबांचाच हे कशावरून? गलाईवाल्याला हातोडा लागतो तो लगड ठोकायला, त्याचं एक तोंड गुळगुळीत असतं. तुमचा कसा आहे?

---

बोरीबाभळी | ७ मे, रात्री ८:४१

तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि ट्रंक उघडली.

डोकं मुठीएवढंही नाही. दोन्ही तोंडं सारखी, आणि दोन्हींच्या कडा झिजून गोल झालेल्या. कुठंच गुळगुळीत नाही, बारीक खड्डे आहेत.

पण आजी खडीवर गेली असेल असं आमच्या घरात कधी बोललंच गेलं नाही. "आपल्या घरातली बाई रोजगाराला गेली नाही," हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. वडील तेव्हा अगदी लहान, त्यांना काही आठवत नाही. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. रविवारी गावी जातोय. शेजारची आक्का आहे अजून, तिला विचारतो.

---

खिल्लारी_जोडी | ७ मे, रात्री ९:००

महिन्याला ४० रुपयांत बाहत्तर साल निघालं असेल असं मलाही वाटत नाही. जोंधळ्याचा भाव काय झाला होता तेव्हा!

---

वाघर | ८ मे, सकाळी ६:३०

रविवारची वाट बघतो.

---

कुसळ | ९ मे, दुपारी १:१५

मध्यंतरीची भर: बाहत्तरच्या आधीचा एक मोठा दुष्काळ १८७६-७७ चा. गोंदवलेकर महाराजांनी तेव्हा आपल्या रानात लोकांना कामं काढून दिली आणि भाकरी दिली. म्हणजे दुष्काळी कामाची रीत आपल्याकडं तेव्हापासून. पाण्यासाठीची भांडणंही आपलीच. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरायच्या, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याहून येऊन बसायचे, वडील मला खांद्यावर घेऊन गेले होते. तेव्हा "कृष्णेचं पाणी आटपाडीला" म्हटलं की लोक हसायचे. आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आलंय, आणि हसणाऱ्यांनी ऊस लावलाय. यावर वेगळा धागा काढतो.

---

बोरीबाभळी | ११ मे, रात्री १०:०५

जाऊन आलो.

आक्का आता नव्वदीला आली. कान गेलेत, पण हातोडा हातात दिला तशी हसली. जे बोलली ते जमेल तसं लिहितो:

"तुझ्या आजीचा व्हय ह्यो. ती आन मी एकाच ढिगावर. पयल्या दिशी तिला जमंना, रडली. मग हात बसला तवा माझ्याम्होरं जायाची. तुझ्या बापाला पाटीत घालून बाभळीखाली ठिवायची. तुझ्या आज्याला कळवू नगं म्हणायची. परमुलखात माणसाचा जीव टांगणीला लागतो, कामात हात भाजंल. कागुद लिवायला मास्तरकडं गेली की सांगायची, लिवा, हितं समदं बरं हाय."

मी विचारलं, आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही का? आक्काला प्रश्न ऐकू गेला नसावा. ती हातोड्याचा दांडा हातात धरून लववत बसली.

परत आल्यावर वही पुन्हा काढली. "हातोडा दांडा ७५ पैसे" या नोंदीला मी वर हसलो होतो. पान नीट बघितलं. डिसेंबर १९७२. त्याच्या वर "म्हसवड एसटी", "रथ नारळ", "सि. जमा ६०". म्हणजे रथाला ते गावी आलेले होते. त्या पानावर कोइमतूरचा एकही खर्च नाही. दांड्याच्या खाली एकच ओळ आहे, "चिंधी कापड २ वार", आणि मग परतीचं तिकीट.

---

जोंधळा | ११ मे, रात्री १०:३०

दांडा कशाचा आहे, बघून सांगाल?

---

बोरीबाभळी | ११ मे, रात्री १०:३४

बांबूचा. अजून लवतो.